भाच्याला कॉमेडियन व्हायचंय, रस्ता कुठून जातो?

रानपाखरू:
नमस्कार मंडळी. माझा भाचा हिंगणघाट तालुक्यातल्या खेड्यात राहतो, यंदा बारावी झाला. नकला भारी करतो, म्हणजे ग्रामसभेत सरपंच कसा विषय टाळतो, कापूस विकायला गेलं की व्यापारी मूठभर कापूस हातात चुरगाळून "ओला आहे हो" म्हणत भाव कसा पाडतो, सगळं एकटाच. आता एकच धोशा, सुनील पाल हिंगणघाटचाच ना, मग मी का नाही, आणि थेट मुंबई गाठतो म्हणतोय. ताई रडकुंडीला आलीये. काय सांगू याला?

जुनं_खोड:
सुनील पाल 2005 ला स्टार वनवर लाफ्टर चॅलेंज जिंकला ते दिसतं, आधीची मुंबईतली धडपड दिसत नाही. त्याच सीझनला सिवनीचा एहसान कुरेशी आणि कानपूरचा राजू श्रीवास्तव होते. राजू 1989 च्या 'मैंने प्यार किया'त पण छोट्याशा रोलमध्ये दिसतो, अमिताभची नक्कल तर कधीपासून करायचा, पण घराघरात गेला तो गजोधर या त्याच्या गावरान पात्रामुळे, गावाकडच्या लग्नांच्या किश्श्यांमुळे. आला तिसरा आणि नाव त्याचंच सगळ्यात जास्त झालं. तुमच्या भाच्याचा कापूसवाला मला त्या लाईनीतला वाटतोय, तो सोडून हिरोंचे आवाज काढत बसला तर कान धरा.

विंगेतली_बाई:
मराठी टीव्हीचा रस्ता वेगळाय पण. हास्यजत्रा 2018 ला सोनी मराठीवर आली, त्यातला चिपळूणचा ओंकार भोजने बघा, एकांकिका करत करत वर आलेला. भाच्याला आधी कॉलेजात घाला आणि युवक महोत्सवात उतरवा, तिथे मिमिक्री असते, स्किट असतं. मिमिक्रीला पाचच मिनिटं मिळतात, गावात पोरं अर्धा तास हसवतात आणि तिथे दुसऱ्या मिनिटाला आटपतात (परीक्षक म्हणून बसलेय, बघितलंय). शिवाय नाटकातली माणसं तिथेच भेटतात, पुढची कामं बहुतेक त्यांच्याच ओळखीने मिळतात.

वऱ्हाडी_ठेचा:
भाऊ, त्याले पुण्याची भाषा शिकवाच्या भानगडीत पडू नका म्हंजे झालं. भारत गणेशपुरे अमरावतीकडचा, 'चला हवा येऊ द्या'त वऱ्हाडीच बोलला अन् साऱ्या महाराष्ट्रानं ऐकलं ना! फक्त एक सांगतो, बोलीले हसले लोकं तर ते एकदाच हसतात. कापसाचा किस्सा चालते कारण त्यात भाव पाडणारा सापडते.

रानपाखरू:
वर्ध्यात बीएला ॲडमिशन घ्यायला तयार झालाय, अट एकच, स्कूटी पाहिजे. ताई म्हणते मुंबईपेक्षा स्कूटी परवडली.

जुनं_खोड:
द्या घेऊन. तो कापसाचा किस्सा मोबाईलवर रेकॉर्ड करून टाका की इथे. व्यापाऱ्याचं नाव तेवढं घेऊ नका, पुढच्या हंगामात त्याच्याच दारात गाडी लावायचीये.