केनियातली चकचकीत साळुंकी : एक जात का दोन?

विटेकर_पाखरं
नमस्कार मंडळी. मेहुणा नैरोबीत नोकरीला असतो, त्यानं नैवाशा तलावाजवळचे फोटो पाठवलेत, टेबलाखाली ब्रेडचे तुकडे टिपणारी पाखरं, धीट तर आपल्या साळुंकीइतकीच. पाठ निळी-हिरवी चकचकीत, डोकं काळपट, पोट विटकरी. पण एकाच्या छातीवर पांढरा पट्टा आहे न् दुसऱ्याच्या नाही. नर-मादी आहेत का? नेटवर सुपर्ब स्टार्लिंग आणि हिल्डब्रांट्स स्टार्लिंग अशी दोन नावं येतायत, दोन्ही तिकडचीच, आणि मला दोन्ही सारखीच दिसतायत.

कृष्णाकाठ
नर-मादी नाही दादा, यांच्यात दोघं सारखेच झगमगीत असतात. पट्टेवाला पांढऱ्या डोळ्याचा असेल तर सुपर्बच, त्यात शंका नको. दुसऱ्याचा फोटो झूम करून डोळा आणि शेपटीखालची पिसं बघा. हिल्डब्रांटचा डोळा नारिंगी-लाल, आणि शेपटीखालीपण तांबूसच. सुपर्बचं तिथं पांढरंशुभ्र. निळ्या-हिरव्यावरनं ओळखायला जाऊ नका, पिसात निळं रंगद्रव्य नसतंच मुळी, मेलॅनिन या काळसर रंगद्रव्याचे बारीक कण थराथरानं रचलेले असतात त्यावरनं उजेड परततो न् तो रंग दिसतो, म्हणून तेच पाखरू सावलीत गेलं की काळं वाटतं.

विटेकर_पाखरं
बघितलं. डोळा गडद तपकिरी, लाल अजिबात नाही. शेपटीखाली पांढरं. आता?

अजिंक्यतारा_बर्डर
मग ते सुपर्बचं लहान पिल्लू. पिल्लाचा डोळा आधी गडद असतो, पांढरा नंतर होतो, पट्टापण पुसट नाहीतर नसतोच, अंगावर तकाकी कमी. लहान पिल्लाचा हिल्डब्रांटशी घोळ होतो तो यामुळंच, दोन्ही जाती एकाच थव्यात चरतात त्यानं अजून भर.
मला या पक्ष्याचं खरं अप्रूप वेगळंच आहे. आपल्याकडं हिवाळ्यात शाळवावर भोरड्या उतरतात त्यापण याच कुळातल्या, पण सुपर्ब वर्षभर गटानं राहतात आणि पिल्लांना आईबाप सोडून गटातले बाकीचेपण भरवतात. त्यात नात्यात नसलेलेपण असतात! केनियातल्या वीस वर्षांच्या नोंदींवरनं 2025 ला नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आलं की आज ज्यानं मदत केली त्याला पुढं कधीतरी तीच मदत परत मिळते.
मेहुण्यांना सांगा, या पिल्लाला कोणकोण चारा आणून देतंय त्याचा व्हिडिओ काढा, दोनापेक्षा जास्त पाखरं आली तर इथं नक्की टाका.