तेरा वर्षं थांबलो होतो, अजूनही थांबेन

वर कुणी म्हटलंय की इतकी वर्षं रखडलेला अल्बम शिळाच निघतो. मला अजिबात नाही पटत. टूल या अमेरिकन रॉक बँडचा २००६ नंतरचा अल्बम थेट ३० ऑगस्ट २०१९ ला आला. त्या शुक्रवारी कामावरून सुटल्यावर मित्राला घेतलं, सोमेश्वरच्या अलीकडे गाडी बाजूला लावली आणि काचा वर करून ऐकत बसलो. पहिलंच गाणं १० मिनिटांच्या वर! डॅनी केरीचे ड्रम भरात आले तशी मित्राची बोटं डॅशबोर्डवर वाजायला लागली; कॉलेज रोडला चहाच्या टेबलावर वाजायची, अगदी तशीच. सव्वा तास दोघंही गप्प. पुढच्या अल्बमलाही वेळ लागतोय ना, लागू दे. त्यांच्याकडून घाईत उरकलेलं मला नकोच आहे.