मदत हवी आहे: कोलोराडोत पहिली एल्क शिकार, मांस डोंगरावरून खाली कसं आणायचं?

नमस्कार मंडळी,

मी डेन्व्हरजवळ राहतो, बारा वर्षं झाली. यंदा ड्रॉमध्ये, म्हणजे परवान्यांच्या सोडतीत, मादी एल्कचा (एल्क म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण) टॅग, म्हणजे एक जनावर मारायची परवाना-चिठ्ठी, लागला आहे, रायफलच्या तिसऱ्या सीझनचा, म्हणजे नोव्हेंबर. बरोबर एकच मित्र आहे आणि तोही माझ्याइतकाच नवखा. इथे एल्क किंवा म्यूल डिअरची (इथलं दुसरं, लहान हरीण) शिकार केलेली कोणी मराठी मंडळी असतील तर कृपया वेळ काढून उत्तर द्या. मला बंदुकीपेक्षा पुढच्या कामाची जास्त काळजी आहे.

शिकार करावी की नाही यावर वेगळा धागा काढू. भारतात 1972 च्या कायद्याने ती बंद आहे आणि बंदच राहावी, असं माझं प्रामाणिक मत आहे. इथली गोष्ट वेगळी आहे. एकट्या कोलोराडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत, आणि कुठल्या भागात किती मारू द्यायचे हे दरवर्षी मोजून ठरवलं जातं. मला वर्षभराचं मांस घरात हवं आहे आणि ते मी स्वतः आणलेलं असावं, एवढंच.

आता काळजीचं कारण. मागच्या वर्षी ऑफिसातल्या एकाबरोबर मी नुसता मदतनीस म्हणून गेलो होतो. त्याने अगदी अंधार पडताना मोठा नर पाडला. आम्ही टॉर्चच्या उजेडात पोट साफ केलं, आणि थंडी एवढी होती की कातडं तसंच ठेवून तंबूत आलो. बाटलीतलं पाणी गोठत होतं, म्हटलं अख्खा डोंगरच फ्रीज आहे, सकाळी बघू. सकाळी नऊला परत गेलो. वरच्या बाजूचं मांस छान निघालं. मग जनावर उलटवलं आणि खालच्या मांडीत, खुब्याच्या सांध्यापाशी, सुरी घातली तर आंबूस वास आला. हाडालगत मांस करडं-हिरवट झालं होतं. मी हात घातला, आत अजून ऊब होती. रात्रभर बाहेर बर्फ आणि आत ऊब! ती अख्खी मांडी आम्हाला तिथेच सोडावी लागली. घरी येईपर्यंत मी त्या मित्राशी धड बोललो नाही, आणि राग त्याच्यावर नव्हता.

आमचे आजोबा रत्नागिरीकडचे. कायदा यायच्या आधीच्या काळात त्यांच्या गावात पारध व्हायची, ठासणीच्या बंदुकीवर. ते सांगायचे, डुक्कर पडलं की आधी सावलीत ओढायचं, आणि वाटे होईपर्यंत कुणी विडीसुद्धा पेटवायची नाही. ते मला माहीत असूनही मी त्या रात्री झोपायला गेलो. यंदा ते होऊ द्यायचं नाही.

माझ्याकडे आत्ता जे आहे ते असं: पॉइंट थर्टी-ओ-सिक्सची बोल्ट अॅक्शन रायफल, 180 ग्रेन वजनाची गोळी, तीन ते नऊ पटीची दुर्बीण, 200 यार्डांवर नेम बसवलेला. इतर शिकाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून नारिंगी जॅकेट आणि टोपी घेतली आहे. हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या सुरक्षा-प्रशिक्षणाचं, कार्ड आहे. सह्याद्रीत वापरलेली 65 लिटरची सॅक आहे, बूट नवे आहेत.

प्रश्न:

ही सॅक मांस वाहायला चालेल का, की फ्रेमवाली वेगळी घ्यावीच लागेल? दोघांत साधारण किती फेऱ्या होतील? मांसाला कापडी पिशव्या कुठल्या? सुऱ्या किती? आणि गाडीपासून किती लांब जाणं शहाणपणाचं?

---

कडेकपारी

दादा, तुमची ती मांडी वाचून वाईट वाटलं. असं खूप जणांचं झालेलं आहे, फक्त कोणी लिहीत नाही. नऊ सीझन झाले माझे, त्यातले सहा कोलोराडोच्या पश्चिम उतारावर. सविस्तर लिहितो.

आधी ते का झालं ते. एल्कचं कातडं जाड, त्यावर हिवाळी केस. ते जनावर उणे वीसमध्ये जगावं म्हणून केलेलं पांघरूण आहे, मेल्यावरही ते आपलं काम करत राहतं. मांडीचा गोळा सगळ्यात जाड, मध्ये हाड, आणि खालची बाजू जमिनीला टेकलेली. ऊब बाहेर पडायला वाटच नाही. हवा किती थंड आहे याला तेवढं महत्त्व नाही. कातडं निघालं का आणि मांसाच्या चारी बाजूंनी वारा फिरतोय का, हे महत्त्वाचं.

म्हणून पोट फाडायच्या भानगडीत पडू नका. जनावर कुशीवर ठेवा. कण्यावरून मानेपासून शेपटीपर्यंत कातड्याला चीर द्या आणि पोटाकडे सोलत न्या. पुढचा पाय फऱ्यासकट सरळ सुटतो, त्याला सांधाच नाही, नुसतं मांस कापायचं. मागची मांडी खुब्याच्या वाटीतून सोडवायची. मग कण्यालगतचा लांब पट्टा, बॅकस्ट्रॅप म्हणतात तो, आणि मानेचं मांस. उलटवून दुसरी बाजू तशीच. सगळ्यात शेवटी मागच्या बरगडीच्या पाठी हात घालून आतले टेंडरलॉइन काढायचे. दोघं नवखे असाल तर तीन तास धरा. अंधार पडला तरी हे सगळं करूनच तंबूत जायचं. मांड्या रात्रभर राहणार असतील तर सुरीने हाडापर्यंत एक लांब चीर देऊन ठेवा, ऊब निघून जाते.

मांस पिशवीत घालून फांदीला टांगा. फांदी नसेल तर दोन ओंडके समांतर टाकून त्यावर ठेवा, खालून हवा जायला हवी. आतडी-पोट जिथे पडलंय तिथून शंभरेक पावलं लांब, सावलीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही नको, उबेने मांस घामेजतं.

कायद्याचं दोन ओळीत. चारही पाय, दोन्ही बॅकस्ट्रॅप आणि टेंडरलॉइन आणावेच लागतात, टाकले तर गुन्हा. मादी असल्याची खूण एका मांडीला निसर्गतः जोडलेली राहू द्या, कापून वेगळी खिशात ठेवली तर चालत नाही. टॅग जनावर पडल्यावरच सुटा करायचा, सही-तारीख करायची. आधी फाडलात तर तो बाद.

आता वजन. मादी उभी सव्वादोनशे किलोच्या आसपास असते. हाडं काढून सव्वाशे-दीडशे पौंड मांस धरा. हाडासकट नेलंत तर बरंच जास्त. दोघांना दोन फेऱ्या, बर्फ असेल तर तीन. तुमची 65 लिटरची सॅक कपड्यांसाठी शिवलेली आहे. तिच्यात साठ पौंड ओलं मांस खाली गोळा होऊन बसेल आणि पाठीला मागे ओढेल. फ्रेमवाली घ्या, म्हणजे मांस पाठीला चिकटून आणि खांद्याच्या उंचीवर बांधता येतं. विकत नको असेल तर भाड्याने मिळते. आणि दोन काठ्या. उतारावर गुडघे त्याच वाचवतात.

किती लांब जायचं? माझा नियम: ज्या जागेपासून गाडीपर्यंत मी लागोपाठ तीनदा ओझं नेऊ शकणार नाही, तिथे मी चाप ओढत नाही. पहिल्या वर्षी दीड मैल, आणि परतीची वाट उताराची. एल्क दरीत दिसला आणि गाडी वर असेल तर बघून परत या. मी असे सोडलेत.

---

हिमरेषा

कडेकपारी यांनी मांसाचं सगळं सांगितलं, मी कपडे आणि सुरीचं सांगते. आम्ही नवरा-बायको फोर्ट कॉलिन्सला असतो, म्यूल डिअर जास्त करतो.

सुती काहीही अंगात नको, अगदी आतले मोजेसुद्धा नकोत. चढताना घाम येतो, मग दुर्बीण लावून तासभर बसता, आणि तो घाम अंगावर बर्फ होतो. आत मेरिनो लोकर, वर पातळ फ्लीस, आणि पिसांचं जाड जॅकेट सॅकमध्ये, बसल्याबरोबर घालायचं, थंडी वाजायची वाट बघायची नाही. गाडीतून निघताना थोडं कुडकुडतच निघा, दहा मिनिटांत ठीक वाटतं. नारिंगी रंग 500 चौरस इंच हवा, कमरेच्या वर आणि सर्वात बाहेर. जाड जॅकेट चढवलं की नारिंगी बनियन आत दडतं, हे खूप जण विसरतात. ते दोन मापं मोठं घ्या. गुलाबी पण चालतं.

बूट नवे आहेत म्हणालात. आजपासून रोज घाला, पाठीवर तांदळाची दहा किलोची पोती घेऊन जिने चढा. हे मी मनापासून सांगतेय, माझ्या पहिल्या वर्षी टाचेचं कातडं निघालं आणि दुसऱ्या दिवशी तंबूतच बसले.

सुऱ्या: पातं बदलायची सुरी हलकी आणि फार धारदार असते, पण सांध्यात वाकडी केली की पातं तुटतं आणि मांसात हरवतं. सांध्यासाठी एक जाड, घट्ट पात्याची सुरी वेगळी ठेवा. डाव्या हातात कापाला दाद न देणारा हातमोजा घाला. अंधारात, गारठलेल्या हातांनी, रक्ताने निसरड्या मुठीने काम चालतं तेव्हा गोळीपेक्षा सुरीनेच लोक जास्त जखमी होतात, असं माझं तरी बघणं आहे. हेडलॅम्प दोन, बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात. पिशव्या सिंथेटिक कापडाच्या घ्या, धुऊन वर्षानुवर्षं चालतात. उशीच्या खोळी रक्ताने ओल्या होऊन राहतात.

आणखी एक. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. हा हरणांचा मेंदूचा रोग 1967 मध्ये आमच्याच फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत पहिल्यांदा दिसला. प्रायॉनमुळे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, शिजवून जात नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण पॉझिटिव्ह जनावर खाऊ नये असा सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा, सल्ला आहे. डोकं पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याच्या, केंद्रावर तपासायला द्या. काही युनिटमध्ये (शिकारीच्या ठरवून दिलेल्या भागांत) ते सक्तीचं असतं, तुमच्या युनिटचं नियमांच्या पुस्तिकेत बघा. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये वेगळं ठेवते मी, वर चिठ्ठी लावून. घरात लहान मुलं आहेत, त्यात तडजोड नाही.

---

नवखा_पाहुणा

धाग्याशी थोडं अवांतर, पण विचारतो. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. मला रायफल घेता येते का? ऑफिसातले म्हणतात चालतं, मला भीती वाटते.

---

कडेकपारी

भीती योग्य आहे. संघीय कायद्याने नॉनइमिग्रंट, म्हणजे एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. अपवादांपैकी एक असा की अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं शिकारीचं वैध लायसन्स तुमच्या नावावर असेल तर चालतं. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला. आणि बाळगणं म्हणजे फक्त मालकी नव्हे, नेमबाजीच्या रेंजवर मित्राची बंदूक हातात घेतली तरी ते त्यात येऊ शकतं. तेव्हा क्रम असा: आधी हंटर एज्युकेशन, मग लायसन्स, मग बंदुकीला हात. ग्रीन कार्डवाल्यांना हा प्रश्न नाही. एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून घ्याच, तुमचं सगळं आयुष्य त्या स्टॅम्पवर आहे.

मूळ धागाकर्त्याला नेमाबद्दल एक. रेंजवर टेबलावर टेकून सराव पुरे झाला. आता आठ इंची कागदी थाळी लावा, शंभर पावलं पळत या, सॅक खाली टाका, तिच्यावर रायफल टेकवा आणि मारा. ज्या अंतरावर दहापैकी दहा थाळीत जात नाहीत ते तुमचं अंतर नाही. जनावर आडवं उभं असतानाच, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. एल्क गोळी लागूनही उभा राहतो. पडेपर्यंत पुन्हा मारा, त्यात कमीपणा नाही. कळपातून एकटी सुटी झाल्याशिवाय मारू नका, गोळी आरपार जाऊन मागच्या दुसरीला लागते.

---

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. रात्री दोनदा वाचलं. फ्रेमवाली सॅक भाड्याने ठरवली, आणि आज संध्याकाळपासून तांदळाची पिशवी घेऊन जिने सुरू केले. बायको विचारत होती हे काय चाललंय, तिला धागा वाचायला दिला. तीच म्हणाली की गाडीत बर्फाचे मोठे कूलर आधीच भरून ठेव.

थाळीचा प्रयोग केला. शंभर यार्डांवर दहापैकी दहा, दीडशेवर नऊ, दोनशेवर सहा. म्हणजे आत्ता माझं अंतर शंभर यार्ड आहे, दोनशेवर नेम बसवलेला असला तरी. सीझनपर्यंत दर शनिवारी जाणार.

एकच राहिलं. आम्ही साडेनऊ हजार फुटांवर तंबू टाकणार आहोत. पहाटे वारा कुठून धरायचा? मागच्या वर्षी कळप दोनदा आमचा वास लागून पळाला, आणि आम्ही तर वारा बघूनच निघालो होतो.

---

हिमरेषा

पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, म्हणून तुम्ही खाली असलात तर वास खालीच जातो. ऊन उतारावर आलं की हवा फिरते आणि वर चढायला लागते. तुमचा कळप बहुतेक त्या फिरण्याच्या वेळी पळाला असेल, साधारण उन्हानंतर तासाभरात. तेव्हा अंधारात खालून वर जा, ऊन यायच्या आधी त्यांच्या उंचीला पोचा, आणि ऊन आल्यावर त्यांच्या वरच्या अंगाला राहा. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा, दर पाच-दहा मिनिटांनी चिमूटभर उडवून बघायची. संध्याकाळी परत खाली वाहायला लागते.

आणि एक दिवस आधी जाऊन तिथे झोपा. डेन्व्हरची सवय साडेनऊ हजारांवर पुरत नाही, पहिल्या रात्री डोकं दुखतं. पाणी जास्त प्या.