अस्वल झालेल्या नायकाचे पूर्वायुष्य कोणते असावे?

प्रश्न : महालकर

नमस्कार. मी एक दीर्घ अद्भुतकथा लिहीत असून तिचा नायक पहिल्याच प्रकरणात शापाने अस्वल होतो. काळ नोव्हेंबर १८१७, म्हणजे नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्यातील सीताबर्डीच्या लढाईचा, आणि स्थळ नागपूर व पेंचचे जंगल. त्याला माणसाची स्मृती आहे, पण वाचा नाही. त्याच्या पूर्वायुष्यासाठी तीन पर्याय माझ्यासमोर आहेत : आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेतील शिपाई, हातमागावरचा विणकर किंवा लहानपणी हरवलेला राजपुत्र. विणकर मला मनापासून आवडतो, कारण ज्याचे पोट बोटांवर चालते त्याला लांब नखांचे पंजे मिळावेत, यापेक्षा क्रूर शाप मला सुचत नाही. परंतु अस्वल झाल्यावर त्याच्या विणकर असण्याला कथेत काही कामच उरत नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद : रामटेककर

राजपुत्र पूर्णपणे वगळावा. तो राजपुत्र आहे हे कळताच वाचक सिंहासनाची वाट पाहू लागतो आणि अस्वलपणाचा सगळा काळ निव्वळ खोळंबा होऊन बसतो.

उरलेल्या दोघांचा विचार करताना आपल्या विदर्भाशी जोडलेले महाभारतातील नलोपाख्यान, म्हणजे नळ-दमयंतीची कथा, पुन्हा वाचावे, असे सुचवतो. कर्कोटक नागाच्या दंशाने नळाचे रूप जाते आणि तो कुरूप बाहुक होतो. पण त्याची अश्वविद्या आणि पाककौशल्य शाबूत राहते, आणि पुढची कथा याच दोन गोष्टींवर चालते. अश्वविद्येमुळे त्याला अयोध्येचा राजा ऋतुपर्ण याच्याकडे सारथ्य मिळते, तिच्याच बळावर तो अयोध्येहून दमयंतीच्या माहेरी, कुंडिनपुरापर्यंतचे अंतर एका दिवसात कापतो, रथाचा घोष ऐकून दमयंतीला संशय येतो आणि त्याने रांधलेल्या अन्नाची चव घेतल्यावर तो संशय बळावतो. विशेष म्हणजे तो दंश ही शिक्षाही नाही : नळ ओळखू येऊ नये आणि त्याच्या देहात शिरलेला कली विषाने पोळत राहावा, हा कर्कोटकाचा हेतू आहे. तुमच्या विणकराचे सर्वस्व बोटांतच असल्यामुळे रूपांतराबरोबर ते सगळे जाते. ज्याचे अर्धे जाईल आणि अर्धे नव्या देहातही टिकेल, असा व्यवसाय शोधावा.

प्रतिसाद : धरमपेठ

माझे मत शिपायाकडे झुकते. २७ नोव्हेंबरच्या सकाळी भोसल्यांच्या अरब सैनिकांनी सीताबर्डीची लहान टेकडी जिंकली होती, आणि काही वेळातच ती हातची गेली. तेवढ्या वेळात तुमच्या नायकाने काय केले किंवा काय करायचे टाळले, एवढेच त्याचे पूर्वायुष्य म्हणून पुरेसे आहे.

प्रतिसाद : गांधीबाग

शिपायाचे शल्य खरे असले, तरी ते मनातले आहे; मुक्या प्राण्याला ते कृतीतून दाखवता येणार नाही आणि लेखकाला पानोपानी स्वगते लिहावी लागतील.

अस्वलाच्या देहाकडूनच निवड केली तर? आपल्या जंगलातील अस्वलाची नजर अधू असते, पण नाक अतिशय तीक्ष्ण असते. वाळवीचे वारूळ ते वासावरून हुडकते, नखांनी फोडते आणि वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात नसल्यामुळे झालेल्या फटीतून वाळवी ओढून घेते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुले पडू लागली की त्यांच्यासाठी येते. म्हणून माझी सूचना अशी की विणकराऐवजी रंगारी घ्यावा. निळीचा रांजण आंबून तयार झाला की नाही, हे जुने रंगारी फेस पाहून आणि वास घेऊन ठरवत असत. रांजणातून वर काढलेले सूत आधी हिरवट पिवळे दिसते आणि हवा लागल्यावर डोळ्यांदेखत निळे होते. हे निळे होणे तुमच्या नायकाला यापुढे नीट दिसणार नाही, परंतु रांजण बिघडतो आहे हे मात्र त्याला कोणत्याही माणसाच्या आधी आणि पूर्वीपेक्षा कितीतरी लांबून कळेल. शापाने एक हिरावले आणि दुसरे वाढवले, ही स्थिती मला निव्वळ क्रौर्यापेक्षा कथेला अधिक उपयोगी वाटते. आल या झाडाच्या मुळांपासून लाल रंग काढण्याचे कामही त्याच रंगशाळेत दाखवता येईल.

महालकर

रंगारी नक्की केला. आता शंका अशी की शापाचे कारण पहिल्या प्रकरणात सविस्तर सांगावे की राखून ठेवावे?

प्रतिसाद : रामटेककर

वा. वि. मिराशी यांनी ज्या रामगिरीला रामटेक मानले, तेथील यक्षाचे उदाहरण घ्यावे. ‘मेघदूता’च्या पहिल्याच श्लोकात कालिदास एवढेच सांगतो की यक्ष स्वतःच्या कामात चुकला आणि स्वामीने त्याला वर्षभराचा शाप दिला. नेमकी चूक कोणती, हे तो सांगत नाही. यक्षाचे नावही देत नाही. ती चूक कोणती याच्या कथा पुढे टीकाकारांनी पुरवल्या. मूळ काव्याला त्यांची गरज भासली नाही, कारण यक्षाला काय हवे आहे हे आपल्याला स्पष्ट दिसते.

तुम्हीही कारण एका वाक्यात आटोपावे आणि जागा रंगशाळेला द्यावी. शिवाय अस्वल बोलू शकत नसल्याने त्याच्या नाहीसे होण्याचा अर्थ घरची माणसे आपापल्या परीने लावतील. लढाईच्या त्याच आठवड्यात तो दिसेनासा झाला असेल, तर तो टेकडीवर मारला गेला असेच ती धरून चालतील, आणि श्री. धरमपेठ यांनी सुचवलेली सीताबर्डीची सकाळ त्या गैरसमजातून कथेत आणता येईल.