डंजन्स अँड ड्रॅगन्स: टीव्हीवरचा मॅप म्हणजे डीएमचा आळस? साफ चूक

वीसचा_फासा: काल इथे कुणीतरी लिहिलं, "टेबलावर टीव्ही आडवा टाकून मॅप दाखवणाऱ्या डीएमला वर्णन करता येत नाही, ते आळशी असतात." वाचून डोकं फिरलं. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारी. माझ्या लॅपटॉपवर अख्खं डंजन, म्हणजे भुयारांचं जाळं, दिसतं, खेळाडूंना फक्त मशालीच्या उजेडातलं. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मशालीचा 20 फूट लख्ख आणि पुढे 20 फूट अंधूक उजेड, म्हणजे मॅपवर पाच फुटांचे चार अधिक चार चौकोन. हे दर वळणावर बोटांनी मोजत बसायचं? फाउंड्री या मॅपच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंती एकदा आखल्या की कोपऱ्यामागचा गॉब्लिन राक्षस आपोआप लपतो. वाचलेला वेळ मी त्या गॉब्लिनला चांगले संवाद देण्यात घालवते.

गुहेतला_म्हातारा: लिहिणारा मीच. त्या भिंती आखायला किती वेळ जातो तेही सांगा की. आमचा डीएम आदल्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दारं-खिडक्या जोडत बसायचा. आम्ही भलत्याच बोगद्यात शिरलो की म्हणायचा, "तिकडे नको, तिकडचा मॅप नाहीये." मार्करने पाच मिनिटांत खोली काढता येते!

ग्रिडवाला: काका, मग भिंती आखू नका, फॉग, म्हणजे मॅप झाकणारा काळा पडदा, हाताने उघडा. आउलबेअर रोडिओ हे मॅपचं साधन ब्राउझरमध्ये फुकट चालतं. रोल ट्वेंटी या तशाच साइटवर डायनॅमिक लाइटिंगसाठी, म्हणजे मॅपवर आपोआप सरकणाऱ्या उजेडासाठी, वर्षानुवर्षं वर्गणी भरावी लागायची, माझा राग त्यावर आहे. फाउंड्रीचे एकदाच 50 डॉलर, तेही फक्त डीएमने भरायचे. आणि कृपा करून स्केल नीट लावा. 43 इंची टीव्ही साधारण 37 इंच रुंद, 21 इंच उंच असतो. एक चौकोन बरोबर एक इंचाचा नसेल तर मिनी, म्हणजे पात्राची छोटी बाहुली, दोन चौकोनांच्या मधोमध उभी राहते आणि दर फेरीला वाद.

ग्राफपेपरवाली: स्केलचं राहू द्या, माझं काम गेलं त्याचं काय? खेळाच्या 1981च्या बेसिक नियमांत खेळाडूंमधला एक जण मॅपर, म्हणजे कागदावर नकाशा काढणारा, असायचा. मी तेच करायचे. एकदा कागदावर दोन खोल्यांच्या मध्ये 10 फुटांची पट्टी रिकामी राहिली. भिंत ठोकायला लावली, आत बंद कोठडी! डीएमने इशाराही दिला नव्हता.

ग्रिडवाला: ताई, मॅपर कागदात डोकं घालून बसतो आणि बाकीचे चौघं जांभया देतात. "उत्तरेची भिंत 30 फूट की 40?" अर्धं सेशन यातच. मी भोगलंय ते.

ग्राफपेपरवाली: जांभया येत असतील तर तुमचं डंजन कंटाळवाणं आहे. मॅपरवर खापर फोडू नका.

वीसचा_फासा: ती रिकामी पट्टी स्क्रीनवरही दिसते. एकदा पाहिलेला भाग फाउंड्री पुसत नाही, अंधूक ठेवते.

ग्राफपेपरवाली: दिसते, पण बघत कोण नाही. सगळे आपापलं टोकन (स्क्रीनवरची सोंगटी) सरकवण्यात गर्क. हाताने रेघ ओढली की चूक डोळ्यांत खुपते.

गुहेतला_म्हातारा: हेच म्हणतोय मी कालपासून!

वीसचा_फासा: काल तुम्ही फक्त "आळशी" म्हणालात, हे नाही. ताईंचं म्हणणं निम्मं पटलं. शोधाशोध चालू असताना स्क्रीन काळी ठेवेन, कागद तुमच्या हातात. पण सहा-सात गॉब्लिन आणि दोन फायरबॉल उडायला लागले की मॅप लावणारच. कोण कुठे उभं होतं यावर भांडायला मला वेळ नाही.

गुहेतला_म्हातारा: बरं, "आळशी" मागे घेतो. तुमच्यापुरता. आमच्या डीएमचं मत कायम.