सोसायटी ऑफिसचा नवा कॉम्प्युटर: ऑल-इन-वन घ्यायचा का?

*सेक्रेटरी:* नमस्कार मंडळी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ऑफिसच्या जुन्या मशीनवर ११ चढत नाही. मेंटेनन्सची सगळी खाती त्यावरच आहेत, त्यामुळे नवीन घ्यावाच लागेल. दुकानदाराने ऑल-इन-वनचं, म्हणजे स्क्रीनच्या आतच सगळा कॉम्प्युटर असतो त्याचं, कोटेशन दिलंय: २३.८ इंची फुल एचडी स्क्रीन, आय५-१३३५यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, कीबोर्ड-माउस सोबत. मतं सांगा.

*आप्पा, तळमजला:* घ्या की. २०१९ च्या पुरात वायरींचा गुंता सोडवेपर्यंत पाणी ऑफिसच्या पायरीला लागलं होतं. हा एकाच माणसाला उचलून वर नेता येतोय.

*खजिनदार ताई:* आप्पा म्हणतात ते पटतंय. ३०४ च्या दादा, तुमचं रोजचंच काम आहे हे, जरा नीट सांगा ना.

*३०४:* सविस्तरच लिहितो ताई, कारण एकदा घेतला की कितीतरी वर्षं आपण बदलणार नाही.

नुसतं 'आय५' बघू नका, शेवटचं अक्षर बघा. 'यू' म्हणजे लॅपटॉपचा, कमी वीज खाणारा प्रोसेसर. १३३५यू मध्ये दहा कोर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग आहेत, पण ताकदीचे दोनच, बाकीचे आठ छोटे. बेस पॉवर १५ वॅट. कॅबिनेटवाल्या आय५-१३४०० मध्येही दहाच कोर, पण त्यातले सहा ताकदीचे आणि बेस पॉवर ६५ वॅट. स्क्रीनच्या पाठीमागे मोठा पंखा बसत नाही, म्हणून तिथे बऱ्याचदा 'यू' घालतात. टॅली, एक्सेल, पावत्या एवढ्याला तो भरपूर झाला. प्रोसेसरबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार रॅमची आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे स्क्रीनसाठीची मेमरीही त्या ८ जीबीतूनच जाणार. टॅली आणि ब्राउझर एकत्र उघडले की मशीन अडखळू शकतं. १६ च घ्या, आणि शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्या. दोन्ही एकदम चालतात, त्याने वेगही वाढतो. यात लॅपटॉपची छोटी पट्टी लागते, जुन्या कॅबिनेटमधली बसणार नाही. स्लॉट किती आहेत आणि झाकण उघडल्यावर वॉरंटी राहते का, हे दुकानदाराकडून लिहून घ्या.

*४०१ वहिनी:* आमच्या मुलीकडे ॲपलचा आहे, स्क्रीन इतकी सुरेख आहे! तो नाही का चालणार?

*३०४:* स्क्रीनला तोड नाही वहिनी, २४ इंचात ४४८० बाय २५२०. २०२४ च्या एम४ मॉडेलला सुरुवातच १६ जीबीपासून आहे. पण ती रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि टॅली विंडोजवर चालतं. आपल्या कामाला तो नको.

*२०३:* सीसीटीव्हीही त्याच स्क्रीनवर लावूया. मागे एचडीएमआय दिसतंय फोटोत.

*३०४:* थांबा, इथेच फसगत होते. ते पोर्ट बहुतेक वेळा 'आउट' असतं, म्हणजे इथलं चित्र दुसऱ्या टीव्हीवर न्यायला. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याची वायर त्यात लावून काही दिसणार नाही. त्यासाठी 'एचडीएमआय-इन' लागतं, ते मोजक्याच मॉडेलला असतं. असेल तर उद्या आतला कॉम्प्युटर जुना झाला तरी स्क्रीन मॉनिटर म्हणून वापरता येते. नसेल तर धडधाकट स्क्रीनसुद्धा भंगारात. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे आणि कोटेशनमध्ये त्याचा उल्लेखच नाही.

*२०३:* मग कॅमेऱ्यांचं कसं?

*३०४:* डीव्हीआर राउटरला जोडा, त्याच्या सॉफ्टवेअरमधून कॉम्प्युटरवर बघता येईल.

*आप्पा:* आणि लाईट गेली तर?

*३०४:* आत बॅटरी नसते आप्पा, यूपीएस लागणारच. पण वीज कमी खातो, त्यामुळे जुनाच पुरेल, फक्त त्याची बॅटरी बदलू.

*खजिनदार ताई:* सेक्रेटरी साहेब, १६ जीबी आणि एचडीएमआय-इन असलेल्या मॉडेलचं कोटेशन मागवा. तसं मिळालं नाही तर कॅबिनेट आणि वेगळा मॉनिटर. फरक बघून रविवारी सही करते.

*सेक्रेटरी:* 👍 आजच फोन करतो.