मदत हवी आहे: नव्या लॅपटॉपवर लिनक्सला वाय-फाय कार्ड ओळखता येत नाही

नमस्कार मंडळी. चवथीच्या आधी म्हापशातून नवा लॅपटॉप घेतला, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, तर वाय-फाय गायब. सध्या फोन यूएसबीने जोडून नेट चालवतोय. डिचोलीत आमच्या घरी पावसात रेंज कशी असते ते सांगायला नको.

माझा अंदाज असा: डेबियन १२ आलं जून २०२३ मध्ये, त्यातला कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ६.१. लॅपटॉप त्याहून बराच नवा. कार्डाचा व्हेंडर (कंपनी) आणि डिव्हाइस क्रमांक ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत असला, तरच कर्नल तो ड्रायव्हर लावतो ना? 'एलएसपीसीआय -के' या आतल्या उपकरणांची यादी देणाऱ्या कमांडमध्ये कार्ड दिसतं, पण कोणता ड्रायव्हर वापरात आहे ती ओळच येत नाही. म्हणजे कार्ड जिवंत आहे, ओळख पटत नाहीये.

बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठी नवी पॅकेजेस मिळतात तिथून) नवा कर्नल घेतला तर पुरेल, की फर्मवेअरचं (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचं) पॅकेजही तिथूनच घ्यावं लागेल? की सरळ डेबियन १३ वर जाऊ? त्यात ६.१२ आहे. नुसता क्रमांक हाताने जुन्या ड्रायव्हरला देऊन कोणाचं जमलंय का?

दुकानदार म्हणतो, "विंडोज घाल रे, सगळं चालतं." तेवढं सोडून काहीही सुचवा.